मसल मोटारीचें चाक

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना नवल वाटेल. तीस-पस्तीस वर्षें खेड्यांतल्या शाळेंत गणित व इतिहास शिकविलेला, मॅट्रिकपलीकडे न गेलेला हा मास्तर अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या चाकांविषयीं काय सांगणार, असें कोणीही विचारील. आणि तें विचारणें रास्तच आहे. मजजवळ मोटार नाहीं, मला ती चालवितांही येत नाहीं. परंतु ह्याच विषयांत मीं एकदां अज्ञानानें एक सल्ला दिला, आणि तो एका कुटुंबाच्या जिवावर बेतला असता. त्या चुकीचें परिमार्जन म्हणून मीं हा विषय अभ्यासिला. जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें मांडतों.

हकीकत अशी. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त मिशिगन राज्यांत राहतो. त्यानें तेथें १९७० सालची एक जोरकस मोटार विकत घेतली. अशा मोटारींना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायु, दंडाची बेटकुळी. आपण तिला मसल मोटार म्हणूं. गाडी एका वृद्ध गृहस्थाच्या कोठारांत कित्येक वर्षें झांकून ठेविलेली होती. चाकांवर टायर होते ते मूळच्या जातीचे व मूळच्या मापाचे. त्यांवरील खांचा अद्याप खोल आणि बाजूचीं पांढरीं अक्षरें स्पष्ट. विद्यार्थ्यानें मला लिहिलें, “गुरुजी, कारागीर म्हणतो टायर बदला. पण बदलले तर गाडीचें जुनेपण जाईल. जुनी वस्तु आहे तशी जतन करावी, असें तुम्हींच आम्हांला शिकविलें. काय करूं ?” मीं मोठ्या अभिमानानें उत्तर धाडलें, “राहूं दे. इतिहासाला हात लावूं नकोस.”

तीन महिन्यांनीं त्याचें दुसरें पत्र आलें. हमरस्त्यावर, वेग बेताचाच असतांना, मागच्या एका टायरची वरची साल सोलून निघाली, गाडी गर्रकन् फिरली आणि कडेच्या गवतांत जाऊन थांबली. मागच्या बैठकीवर त्याची आठ वर्षांची मुलगी बसलेली होती. सुदैवानें कोणाला इजा झाली नाहीं. पत्रांत मला एका शब्दानेंही दोष दिलेला नव्हता. आणि तेंच मला अधिक लागलें.

त्या दिवसापासून मी एका प्रश्नाच्या मागें लागलों. जुन्या मोटारीचीं चाकें व टायर निवडतांना इतिहासाचा मान कोठें ठेवावा आणि कोठें ठेवूं नये ? त्याचें उत्तर मला इतिहासानेंच दिलें.

प्रथम ही मसल मोटार जन्मास कशी आली तें पाहूं. जनरल मोटर्स ह्या प्रचंड कंपनीचा १९६० नंतरच्या वर्षांत असा दंडक होता कीं, मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन बसवूं नये. तिच्या पाँटियाक शाखेचा मुख्य इंजिनियर जॉन डिलोरियन व त्याचे सहकारी यांनीं ह्या दंडकांतून पळवाट काढली. टेंपेस्ट नांवाच्या मध्यम गाडीस त्यांनीं मोठ्या गाडीचें ३८९ घन इंचांचें इंजिन ‘गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणें’ देऊं केलें. नवी गाडी काढावयाची तर वरिष्ठांची मंजुरी हवी. जुन्या गाडीस ऐच्छिक जोड द्यावयाची तर ती नको. अशा रीतीनें १९६४ सालची जी. टी. ओ. ही गाडी निघाली. इंजिन ३२५ अश्वशक्तीचें. एकाऐवजीं तीन कार्ब्युरेटर घेतल्यास ३४८. पहिल्याच वर्षीं अशा ३२,४५० गाड्या खपल्या. मग काय विचारतां ! प्रत्येक कारखाना ह्या शर्यतींत उतरला. क्राय्सलर कंपनीनें १९६६ सालीं ४२६ घन इंचांचें ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आणलें, तें ४२५ अश्वशक्तीचें; शेव्हरोलेनें १९७० सालीं शेव्हेल गाडींत ४५४ घन इंचांचें इंजिन घातलें, तें ४५० अश्वशक्तीचें. हे आंकडे इंजिन गाडीबाहेर सुटें ठेवून मोजलेले असत, हें खरें. तरीसुद्धां तें बळ अचाट होतें.

आतां त्या पहिल्या जी. टी. ओ.च्या खालीं डोकावून पाहा. चौदा इंच व्यासाचें आणि सहा इंच रुंदीचें पोलादी चाक, त्यावर ७.५०-१४ ह्या मापाचा, म्हणजे सुमारें साडेसात इंच जाडीचा टायर. आणि चारी चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक. टायरच्या बाजूवर एक बारीक तांबडी रेघ ओढलेली असे, तेवढीच काय ती वेगाची खूण ! तरण्याबांड खोंडाला खिळखिळ्या गाडीस जुंपावें, तसा हा प्रकार होता.

येथें आपल्या बैलगाडीचें चाक डोळ्यांपुढें आणा. मध्यें तुंबा, त्यांतून निघालेले आरे, आणि सर्वांवरून लोखंडी धांव. लोहार ती धांव तांबडीलाल तापवून चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. धांव आकसते व सारें चाक आवळून धरते. ती ओझें वाहते, दगडधोंड्यांवर झिजते. परंतु गाडी पुढें ओढणें व उतारावर थोपविणें हें काम तिचें नव्हे, तें बैलांच्या खुरांचें. मोटारीला खूर नाहींत. धांवेचें काम आणि खुरांचें काम, हीं दोन्ही तिथें एकट्या टायरलाच करावीं लागतात. आणि तींही जमिनीला टेकलेल्या, तळहाताहून फारशा मोठ्या नसलेल्या तुकड्यावर. ३२५ घोडे धांवावयास सिद्ध असले, तरी त्यांना उभें राहावयाला एवढीच जागा ! माझ्या आजच्या भाषणाचें सार ह्या एका गोष्टींत आहे.

हा टायर आला कोठून ? चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन माणसानें १८३९ सालीं गंधकाबरोबर रबर तापवून तें टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली. स्कॉटलंडचा रॉबर्ट थॉमसन ह्यानें १८४५ सालीं हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. परंतु त्या काळीं त्याचा फारसा प्रसार झाला नाहीं. १८८८ च्या सुमारास बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीन चाकी सायकलीसाठीं तीच कल्पना नव्यानें सिद्ध केली, आणि ह्या खेपेस ती जगभर पसरली. १८९५ सालीं फ्रान्समध्यें मिशेलिन बंधूंनीं पॅरिस ते बोर्दो ह्या शर्यतींत हवेच्या टायरांवर मोटार हांकून दाखविली. पुढें आंतली रबरी नळीही गेली. १९५५ च्या सुमारास अमेरिकेंतील नव्या मोटारींवर विननळीचे टायर सर्रास येऊं लागले.

टायर म्हणजे नुसतें रबर नव्हे. त्याच्या पोटांत दोऱ्यांचे थर असतात. भार ते पेलतात, रबर त्यांना फक्त धरून ठेवतें. जुन्या पद्धतींत हे दोरे तिरपे जात, आणि एका थराची तिरीप दुसऱ्याच्या उलट असे, चटईच्या विणीसारखी. ह्याला तिरप्या विणीचा टायर म्हणूं. तो मजबूत असतो. पण त्याची बाजू व जमिनीवरचा पट्टा हीं एकमेकांशीं जखडलेलीं असतात. गाडी वळणावर कलली कीं बाजू वांकते, आणि बाजूबरोबर पट्ट्याची कडही उचलली जाते. म्हणजे पकडीची गरज जेव्हां सर्वांत जास्त, तेव्हांच पकड ढिली होते.

हें न्यून अमेरिकेंतल्या लोकांना जाणवलें नाहीं असें नाहीं. १९६६ सालीं तेथें वाहनांच्या सुरक्षिततेचा मोठा कायदा झाला, आणि त्यान्वयें १९६८ पासून नव्या टायरांना सरकारी कसोट्या लागू झाल्या. कारखान्यांनींही धडपड केली. १९६७ च्या सुमारास फायरस्टोन कंपनीनें ‘वाइड ओव्हल’ नांवाचा रुंद व बसका टायर आणला. त्याच सुमारास गुडइयर कंपनीनें ‘पॉलिग्लास’ काढला. त्यांत तिरप्या विणीच्या वर, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याखालीं, कांचतंतूंचे पट्टे घातलेले होते. कांचतंतूंनीं पट्टा ताठ राहूं लागला. जुन्या मसल मोटारींचीं छायाचित्रें पाहतांना बाजूवर ठसठशीत पांढरीं अक्षरें दिसतात, तीं ह्याच पिढीच्या टायरांचीं.

मापें सांगण्याची रीतही तेव्हां बदलली. ‘एफ ७०-१४’ असें माप असे. एफ हें अक्षर टायर किती भार वाहील तें सांगतें. अक्षर जितकें पुढचें तितका भार अधिक. ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्याच्या रुंदीच्या शेंकडा ७०. शेवटचे १४ म्हणजे चाकाचा व्यास इंचांत. १९६९-७० च्या सुमारास फोर्डच्या मस्टँग बॉस ३०२ सारख्या गाड्यांवर एफ ६०-१५ हे त्याहून बसके टायर आले, आणि त्यांखालीं सात इंच रुंदीचीं चाकें. १९७० च्या डॉज चॅलेंजर टी/ए व प्लिमथ ए. ए. आर. कुडा ह्या गाड्यांना तर पुढें ई ६०-१५ व मागें जी ६०-१५, अशीं दोन निरनिराळीं मापें कारखान्यांतूनच बसविलेलीं होतीं. सहा वर्षांत केवढी ही मजल ! पण इंजिनें त्याहूनही वेगानें पुढें गेलेलीं होतीं, हें विसरतां येत नाहीं.

ह्या रोगावरचें खरें औषध मात्र फ्रान्समध्यें केव्हांच तयार होतें. मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं त्याचें पेटंट घेतलें आणि १९४९ सालीं तें बाजारांत आणलें. तें म्हणजे रेडियल टायर. ह्यांत दोरे तिरपे न जातां चाकाच्या आऱ्यांप्रमाणें एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, आणि वरच्या पट्ट्याखालीं पोलादी तारांचा वेढा असतो, आपल्या धांवेसारखाच! बाजू मऊ राहते, पट्टा ताठ राहतो. एक वांकली तरी दुसरा जमीन सोडीत नाहीं. पण अमेरिकन कारखान्यांचीं यंत्रें तिरप्या विणीसाठीं केलेलीं, आणि त्यांच्या गाड्यांची बांधणीही तशीच. म्हणून रेडियल तिकडे रुजावयास वीस वर्षें लागलीं. १९७० सालच्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ३ ह्या गाडीवर तो कारखान्यांतून आला. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटवर १९७३ सालीं आला. त्याच वर्षीं तेलटंचाई उद्भवली, आणि कमी तेल जाळावयास लावणारा टायर म्हणून रेडियलला सुगी आली.

पण तोंवर मसल मोटारींचें काय झालें होतें ? विम्याचे हप्ते भडकले होते, धुरावर कायद्याची बंधनें आलीं होतीं, आणि तेलटंचाईनें उरलेसुरले वारे काढून घेतले होते. गाडीला साजेसा टायर आला, तेव्हां गाडीच निघून गेलेली होती. हा ह्या इतिहासांतला मोठा विपर्यास आहे. आणि आज निवड करणारानें तो नीट ध्यानांत ठेवला पाहिजे. कारण, आज जो मनुष्य अशा गाडीला रेडियल घालतो, तो इतिहास मोडीत नाहीं; त्या इंजिनाला जें मिळावयास हवें होतें आणि वेळेवर मिळालें नाहीं, तें तो उशिरानें देतो.

आतां चाकांकडे वळूं. कारण डोळे भरून पाहण्याचा भाग तोच. साध्या पोलादी चाकावर मध्यें एक चकाकती वाटी, हें सर्वांत स्वस्त रूप. त्यावर कारखान्यांनीं नक्षीचीं पोलादी चाकें काढलीं. पांच रुंद आऱ्यांचें व चकचकीत मुलाम्याचें ‘मॅग्नम ५००’ हें त्यांतलें नामांकित. तें एकाच नव्हे, अनेक कारखान्यांच्या गाड्यांवर दिसे. शर्यतीच्या गाड्यांना मात्र मॅग्नेशियम ह्या हलक्या धातूचीं चाकें असत; त्यावरून तिकडे कोणत्याही हलक्या ओतीव चाकाला ‘मॅग’ म्हणण्याचा प्रघात पडला. मॅग्नेशियम हलकें खरें, पण गंजावयास व पेटावयास उतावीळ. म्हणून रस्त्यावरील गाड्यांसाठीं ॲल्युमिनियम पुढें आलें. १९५६ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेल्या अमेरिकन रेसिंग कंपनीचें ‘टॉर्क थ्रस्ट’ हें चाक १९६० नंतरच्या दशकांत गाजलें. निमुळत्या पांच आऱ्यांच्या मधून ब्रेकला वारा लागतो. क्रेगर कंपनीचें १९६४ सालचें ‘एस. एस.’ चाक म्हणजे बाहेर मुलाम्याचें पोलादी कडें आणि आंत ॲल्युमिनियमचे आरे. १९६८ सालीं ‘बुलिट’ ह्या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्वीन ह्या नटाची हिरवी मस्टँग सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून उडत गेली, ती टॉर्क थ्रस्ट चाकांवर. त्या एका चित्रपटानें ह्या चाकाची जेवढी कीर्ति केली, तेवढी हजार जाहिरातींनीं झाली नसती.

सौंदर्य झालें, आतां गणित. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं घ्यावी. मास्तराच्या भाषणांत एवढें सहन करावेंच लागतें.

पहिला हिशेब उंचीचा. नव्या पद्धतीचें माप समजा २२५/७० आर १४ आहे. २२५ ही रुंदी मिलिमीटरांत. तिचे शेंकडा ७० म्हणजे १५७.५; ही एका बाजूची उंची. चाकाच्या वर एक व खालीं एक म्हणून दुप्पट करा : ३१५ मिलिमीटर. त्याला २५.४ नें भागा, इंच होतील : १२.४. त्यांत चाकाचे १४ मिळवा. एकूण व्यास २६.४ इंच. जुन्या एफ ७०-१४ टायरची उंची ह्याच्याच आसपास असे. आतां २३५/६० आर १५ घ्या. उत्तर येतें २६.१. आणि २३५/५० आर १७ घ्या. उत्तर येतें सव्वासव्वीस. म्हणजे चाक चौदा इंची घ्या, पंधरा इंची घ्या कीं सतरा इंची घ्या, टायर बेतानें निवडला तर गाडी तेवढ्याच उंचीवर उभी राहते. ही उंची कां जपावी ? व्यास एक-दशांशानें वाढला, तर वेगाचा कांटा ताशीं साठ मैल दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत सहासष्टनें धांवत असते. आणि इंजिनाची ओढही तेवढ्या मानानें मंदावते. शिवाय टायर मडगार्डच्या कडेला घासतो, तें वेगळेंच.

दुसरा हिशेब बोल्टांच्या वर्तुळाचा. चाक पांच बोल्टांनीं आंसाला जखडलेलें असतें. शेव्हरोले व पाँटियाक यांच्या मध्यम गाड्यांत त्या पांच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास पावणेपांच इंच. मस्टँगच्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांत व क्राय्सलरच्या मध्यम गाड्यांत साडेचार इंच. पांच भोकांत एकासमोर दुसरें कधींच येत नाहीं, म्हणून लोक एक भोंक सोडून पुढच्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावतात आणि तोच व्यास समजतात. ही फसगत पाहा : पावणेपांच इंची वर्तुळांत हें अंतर ४.५२ इंच भरतें ! म्हणजे उतावळा माणूस पावणेपांचाला साडेचार वाचतो, आणि भलतीं चाकें मागवून बसतो. खरी रीत अशी : शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर घ्यावें आणि त्याला १.७ नें गुणावें. अंतर २.७९ आलें तर व्यास पावणेपांच, २.६५ आलें तर साडेचार. भूमितींतला पंचकोन शाळा सुटल्यावर कामास येत नाहीं, असें म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनीं हें ऐकून ठेवावें.

तिसरा हिशेब पाठीमागच्या जागेचा. चाक पालथें ठेवून त्याच्या मागील कडेपासून आंसाला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचें अंतर मोजतात. सात इंची म्हणून विकलें जाणारें चाक कडा धरून सुमारें आठ इंच भरतें. तें बरोबर मध्यावर टेकत असेल तर हें अंतर चार इंच येतें. अंतर फार झालें तर टायर आंत कमानीला वा स्प्रिंगला घासतो. फार कमी झालें तर बाहेर येऊन मडगार्डला लागतो आणि बेअरिंगवर भार टाकतो. पुढचीं चाकें तर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पुरें वळवून तपासावीं. ब्रेकच्या बुडापाशीं जागा पुरते कीं नाहीं, हेंही त्याच वेळीं पाहावें. ड्रमवर बसणारें चौदा इंची चाक मागाहून बसविलेल्या डिस्क ब्रेकवर बसेलच असें नाहीं.

आणखी दोन बारीक गोष्टी. क्राय्सलरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या बोल्टांचे आटे उलटे असत. हें ठाऊक नसलेल्या धट्टया-कट्टया मदतनिसांनीं किती बोल्ट पिळून मोडले असतील, त्याची गणती नाहीं! आणि पोलादी चाकाच्या चाक्या ओतीव चाकाला चालतीलच असें नाहीं. ज्या चाकाची बैठक जशी तशीच चाकी घ्यावी, आणि पन्नास-शंभर मैल चालवून झाल्यावर ती पुन्हां आवळावी.

ह्या सर्वांहून महत्त्वाचा तो वयाचा हिशेब, आणि मीं चुकविला तो हाच. रबर न वापरतांही म्हातारें होतें. हवा, ऊन व उष्णता यांनीं तें आंतून ठिसूळ होत जातें. पोलाद व दोरे यांना धरून ठेवणारी त्याची मिठी सुटते. वरच्या खांचा जशाच्या तशा दिसतात, म्हणून डोळा फसतो. टायरच्या बाजूवर सरकारी खुणेच्या ओळींत शेवटीं आंकडे असतात. २००० सालापासून ते चार आहेत : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यापूर्वीं ते तीन होते, आणि शेवटचा एकच आंकडा सालाचा. त्यामुळें दशक कोणतें तें त्यावरून कळत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या टायरवर तीनच आंकडे निघाले. साल कोणतेंही धरलें तरी त्या टायरांना पुष्कळ वर्षें होऊन गेलेलीं होतीं. कित्येक मोटार कारखाने सहा वर्षांनीं टायर बदलण्यास सांगतात, आणि टायर बनविणारे दहा वर्षांपलीकडे तो वापरूं नये म्हणतात. मग त्यावरच्या खांचा कितीही खोल असोत. मीं शिकविलेला इतिहास सनावळींचा. आणि टायरवरची सनावळीच मीं वाचली नव्हती!

तर मग निवड करावी कशी ? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणें तीन वाटा आहेत. ज्याची गाडी प्रदर्शनांतच उभी राहावयाची, त्यानें जुन्या सांच्याबरहुकूम नव्यानें बनविलेले तिरप्या विणीचे टायर घ्यावे. असे टायर अमेरिकेंत आजही मिळतात; टेनेसी राज्यांतील कोकर कंपनी त्यासाठीं प्रसिद्ध आहे. परंतु अशी गाडी रस्त्यावर नेली, तर ती १९७० सालच्या बेतानेंच हांकावी. ज्याला सणावारीं, सुटीच्या दिवशीं मुलाबाळांसह फिरावयाचें आहे, त्यानें चाक जुन्या घडणीचें, चौदा वा पंधरा इंची, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांचा अथवा तांबड्या रेघेचा रेडियल घालावा. मुखडा जुना, पकड नवी. ज्याला ती गाडी आजच्या वेगानें चालवावयाची आहे, त्यानें सतरा-अठरा इंची चाक, आंत मोठे डिस्क ब्रेक आणि बसका टायर घ्यावा. कारण उत्तम पकडीचे टायर आज मोठ्या मापांतच अधिक निघतात. त्या वेळीं एकूण उंची व कमानींतील पोकळी जुन्यासारखी राखली, तर गाडी विद्रूप दिसत नाहीं. फार मोठें चाक आणि नांवापुरतें रबर घातलें, तर मात्र तिला बैलगाडीची कळा येते.

वाट कोणतीही धरा, दोन पथ्यें सर्वांना आहेत. एकाच गाडीवर रेडियल व तिरप्या विणीचे टायर मिसळूं नयेत. दोहोंची पकड निराळी, म्हणून गाडी वळणावर बेभरंवशाची होते. आणि जुन्या गाडीस रेडियल घातल्यावर पुढच्या चाकांची ठेवण नव्यानें जुळवून घ्यावी. कारखान्याचे जुने आंकडे तिरप्या विणीसाठीं होते. चाक ज्या आंसावर वळतें त्याचा मागचा कल थोडा वाढविला, म्हणजे गाडी सरळ धांवते.

श्रोतेहो, जतन करणें म्हणजे जुन्या वस्तूवर जीव टाकणें, एवढेंच मला ठाऊक होतें. पण कोणती वस्तु पाहावयाची आणि कोणत्या वस्तूवर जीव सोंपवावयाचा, हा भेद मीं केला नव्हता. चाकाचें पोलाद, आऱ्यांची घडण, मुलामा हा पाहण्याचा इतिहास, तो जपावा. रबर हा भरंवशाचा विषय आहे, आणि भरंवसा वर्षें मोजूनच ठेवावा लागतो. ज्या माणसांनीं त्या गाड्या केल्या, तेही उद्यां बरा टायर मिळेल तर आजचा टाकूनच देत होते. १९६४ पासून १९७० पर्यंतचा त्यांचा सारा इतिहास ह्या टाकून देण्याचाच आहे.

मीं विद्यार्थ्यास क्षमायाचनेचें पत्र लिहिलें आणि हे सर्व हिशेब त्यांत मांडले. त्यानें दुसरी वाट धरली : चाकें मूळचींच ठेविलीं, टायर मात्र २२५/७० आर १४ ह्या मापाचे नवे रेडियल घेतले. जुन्या टायरांपैकीं एक त्यानें गाडीखान्याच्या भिंतीवर टांगला आहे आणि खालीं चिठ्ठी लावली आहे. मागील महिन्यांत त्याच्या पाकिटांत एक जास्तीचा कागद निघाला. त्या मुलीनें स्वतः मांडलेला हिशेब : ३१५ भागिले २५.४, अधिक १४, बरोबर २६.४. उत्तर बिनचूक होतें. मीं त्यावर तांबड्या शाईनें बरोबरची खूण केली, आणि कागद परत पाठवून दिला.